पाच बाणांची संधी : तिरंदाज प्रवीण जाधव यांच्या प्रवासातून आपला अभ्यास



*या पंधरवड्याचा अभ्यासपाठ*
(घरी सगळे एकत्र बसून एकानं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. शेवटी चर्चेचे प्रश्न दिले आहेत.)

बीदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद, कलबुर्गी, अफझलपूर… आपल्या सगळ्या कुटुंब-गटांमध्ये दहावी-पीयूसीचे निकाल लागले की एकच विषय सुरू होतो. कुणाच्या पोराला किती पडले, कोण लातूरला क्लासला गेलं, कुणाचा नंबर हुकला. पेढ्यांचे फोटो येतात तसे काही घरांतून काहीच येत नाही. गटात शांत राहिलेली ती घरंही आपलीच आहेत. त्या घरांसाठी, आणि पेढे वाटणाऱ्या घरांसाठीही, आम्ही या वेळी एका तिरंदाजाचा अभ्यास निवडला आहे.

धनुष्यबाण आपल्याला नवा नाही. मुंडकोपनिषदात ॐकाराला धनुष्याची, जीवाला बाणाची आणि ब्रह्माला लक्ष्याची उपमा दिलेली आहे. अर्जुनाला पक्ष्याचा फक्त डोळाच दिसला ही गोष्ट तर लहान लेकरांनाही पाठ असते. पण ती गोष्ट ऐकून आपण टाळी वाजवतो आणि पुढं जातो. अर्जुनाला डोळाच दिसला, हे कसं घडलं, त्यामागं किती रात्री गेल्या, हे आपण विचारत नाही. म्हणून या वेळी पुराणातला नाही, आपल्या काळातला, आपल्याच भाषेचा धनुर्धर बघू.

*१) सरडे गावचा मुलगा*

सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यात सरडे नावाचं गाव आहे. प्रवीण जाधव यांचा जन्म तिथला, १९९६ चा. आई-वडील रोजंदारीनं मजुरी करणारे. घर म्हणजे नाल्याकाठची झोपडी. आपल्या भागात हे चित्र समजावून सांगायला नको. तूर-सोयाबीन हाती लागलं नाही की बिऱ्हाड बांधून पुण्याला, हैदराबादला किंवा ऊसतोडीला जाणारी घरं आपण रोज बघतो. आई-बाप गेले की पोरगंही मागोमाग जातं आणि शाळेच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढं रेघ पडत जाते.

प्रवीणच्या बाबतीतही तेच व्हायचं होतं. सातवीच्या सुमारास शाळा सुटून मजुरीला जायची वेळ आली होती. तेव्हा त्याच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक विकास भुजबळ यांनी त्याला धावायला लावलं. हेतू साधा होता. मुलगा स्पर्धेत चमकला तर बक्षिसाचे चार पैसे मिळतील, शाळा टिकेल. प्रवीण ४०० आणि ८०० मीटर धावू लागला. पण पोटात पुरेसं अन्न नसलेल्या मुलाला नुसता अंग मोकळं करण्याचा व्यायाम करतानाही चक्कर यायची. मग त्या शिक्षकांनी त्याच्या खाण्यापिण्याचीही काळजी घेतली.

इथं थोडं थांबू. अशा गोष्टी सांगताना आपल्याकडं एक वाक्य फार सहज येतं : "गरिबीनंच त्याला घडवलं." आम्हाला हे वाक्य पटत नाही. गरिबीनं त्याला चक्कर आणली. घडवलं ते वेळेवर समोर आलेल्या भाकरीनं आणि त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या एका माणसानं. उपासमारीला पुण्य समजून आपण हात बांधून बसलो, तर आपल्या शेजारच्या झोपडीतला प्रवीण आपल्याला कधी दिसणारच नाही. अन्नदान आपण उत्सवात करतो, ते चांगलंच आहे. पण शाळेत जाणाऱ्या एका लेकराचा वर्षभराचा सकाळचा नाष्टा हेही अन्नदानच आहे.

*२) चेंडू बरोबर पडले*

शिक्षकांच्या प्रयत्नानं प्रवीणची निवड महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली. आधी अहमदनगर, पुढं अमरावती. राहणं, जेवण आणि शिक्षण एकाच ठिकाणी. तिथं मुलांच्या वेगवेगळ्या चाचण्या होतात. एका चाचणीत दूरवरच्या वर्तुळात चेंडू टाकायचे होते. प्रवीणचे चेंडू नेमके आत पडले. बघणाऱ्यांनी ओळखलं की या मुलाची नजर आणि हात एकमेकांशी बोलतात. धावणारा मुलगा तिरंदाजीकडं वळवला गेला.

बघा, तिरंदाज होण्याचं स्वप्न त्यानं पाहिलेलं नव्हतं. त्याच्या गावात तिरंदाजी नव्हतीच. तो धावायला आला होता तोही बक्षिसाच्या पैशांसाठी. आपण मात्र लेकरांना विचारतो, "तुझं ध्येय काय?" आठवीतल्या पोराला ध्येय कुठून माहीत असणार? त्यानं अजून जग बघितलेलं नाही. ध्येय विचारण्याआधी त्याच्या हाताला दहा गोष्टी लागू द्याव्यात. चेंडू, तबला, पाना-पक्कड, रंग, गणित, माती. कशात हात नेमका पडतो हे बघायचं काम मोठ्यांचं. गुरूही हेच करतो. शिष्य एक मागायला येतो, गुरू त्याच्यातलं दुसरंच काही ओळखतो.

*३) पाच बाण*

पण ओळख झाली म्हणजे वाट सोपी झाली, असं नाही. सुरुवातीला सराव बांबूच्या धनुष्यावर झाला. पुढं आधुनिक धनुष्य हातात आलं तेव्हा ते पेलायला खांद्यात ताकद कमी पडू लागली. लहानपणीच्या अपुऱ्या खाण्याची वसुली शरीर असं उशिरा करतं. नेम भरकटू लागला, गुण घसरले. कामगिरी नाही तर प्रबोधिनीत जागा नाही, असा नियम. प्रवीणला घरी पाठवण्यापर्यंत गोष्ट आली.

तेव्हा त्याच्यावर विश्वास असणाऱ्यांनी शब्द टाकला आणि त्याला शेवटची संधी मिळाली. पाच बाण. एका बाणाला जास्तीत जास्त १० गुण, म्हणजे पाच बाणांना ५०. प्रवीणनं पंचेचाळीसच्या घरात गुण मिळवले आणि तो राहिला.

विचार करा, त्या पाच बाणांच्या पलीकडं काय होतं? एका बाजूला सरडे गावची मजुरी, दुसऱ्या बाजूला पुढचं सगळं आयुष्य. एवढं ओझं मनावर घेऊन बाण सोडला तर हात थरथरणारच. ज्याला तिरंदाजी माहीत आहे तो सांगेल, पाच बाण एकदम कुणालाच सोडता येत नाहीत. सोडता येतो तो एकच, हातातला. पहिला गेला की त्याचा विचार संपला. दुसरा अजून भात्यात आहे, त्याचा विचार आत्ता नाही. जपमाळेचा मणी आपण असाच ओढतो ना? एकशेआठ मणी एकदम ओढणारा कुणी आहे का?

आणि दुसरी बाजूही बघा. कुणीतरी शब्द टाकला म्हणून ते पाच बाण मिळाले. आपल्या घरात नापास झालेल्या लेकराला आपण पाच बाण देतो का? की पहिल्याच घसरणीला "तुझ्यानं होत नाही" म्हणून मोकळे होतो?

*४) हा खेळ नीट समजून घेऊ*

ऑलिम्पिकच्या तिरंदाजीत आजवर जे धनुष्य वापरलं गेलं त्याला रिकर्व्ह म्हणतात. त्याची टोकं बाहेरच्या बाजूला वळलेली असतात. लक्ष्य ७० मीटरवर, म्हणजे सुमारे २३० फुटांवर. लक्ष्याचं वर्तुळ १२२ सेंटिमीटरचं, साधारण चार फूट. त्याच्या मधोमध १० गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं. आपल्या चहाच्या बशीपेक्षाही थोडं लहान! मोठ्या मैदानाच्या एका टोकाला बशी ठेवा, दुसऱ्या टोकाला उभे राहा आणि बघा ती दिसते का.

पुरुष खेळाडूंना प्रत्यंचा ओढताना २० किलोच्या आसपास जोर लागतो. असा जोर क्रमवारीच्या फेरीत ७२ वेळा लावायचा, आणि प्रत्येक वेळी हनुवटीखाली हात त्याच जागी यायला हवा. धनुष्यावर क्लिकर नावाची धातूची बारीक पट्टी असते. प्रत्यंचा पुरेशी मागं आली की ती टिक् करून वाजते आणि बाण सुटतो. सरावात दिवसाला दोनशे-तीनशे बाण सोडणारे खेळाडू असतात.

आणि मग वारा. बाण हातातून सुटेपर्यंत आपला. सुटला की वाऱ्याचा. वारा कुठून येतोय, किती आहे, झेंडा कसा हलतोय हे बघून नेम थोडा बाजूला धरावा लागतो. वाऱ्यावर चिडून उपयोग नाही. आपल्याकडं पाऊस दोन आठवडे लांबला म्हणून चिडून तूर उगवते का? वारा ओळखायचा, आपला नेम सरकवायचा, हात मात्र स्थिर ठेवायचा.

महाभारतात एक लहानसा प्रसंग येतो. अर्जुन रात्री जेवत असताना वाऱ्यानं दिवा विझला, तरी त्याचा हात अंधारातही बरोबर तोंडाशीच जात राहिला. त्याच्या लक्षात आलं की हे सवयीमुळं होतंय. मग तो रात्रीच्या अंधारात धनुष्याचा सराव करू लागला. पक्ष्याचा डोळा दिसण्यामागं या रात्री आहेत. भगवंतांनीही गीतेच्या सहाव्या अध्यायात चंचल मन आवरण्याचे दोन उपाय सांगितले आहेत, अभ्यास आणि वैराग्य. सांगितले ते कुणाला? धनुर्धरालाच. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा तेच करणं. आणि वैराग्य? ते पुढं टोकियोत बघू.

*५) तिघांचा मिळून एक नेम*

२०१६ मध्ये बँकॉकच्या आशिया चषक स्पर्धेत प्रवीण जाधव भारताकडून खेळले आणि सांघिक कांस्यपदक मिळालं. २०१७ मध्ये ते भारतीय सैन्यात दाखल झाले. घराला पगाराचा आधार आला. "खेळून पोट भरतं का?" असं विचारणाऱ्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. आणि खेळलं की नोकरी ठरलेलीच, असं समजणाऱ्यांनी पाच बाणांचा भाग पुन्हा वाचावा.

जून २०१९. नेदरलँड्समधल्या डेन बॉश शहरात जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. भारताच्या पुरुष रिकर्व्ह संघात तिघे होते. सिक्कीमचे तरुणदीप राय, बंगालचे अतनू दास आणि साताऱ्याचे प्रवीण जाधव. कॅनडाला ५-३ असं हरवून त्यांनी टोकियो ऑलिम्पिकमधली भारताची जागा पक्की केली. उपांत्य सामन्यात यजमान नेदरलँड्सबरोबर बरोबरी झाली आणि शूट-ऑफमध्ये ५-४ असा निकाल लागला. अंतिम सामन्यात चीनकडून २-६ अशी हार झाली. म्हणजे रौप्यपदक.

पुरुषांच्या रिकर्व्ह संघाला याआधीचं रौप्य २००५ मध्ये माद्रिदला मिळालं होतं. चौदा वर्षांपूर्वी. आणि त्या संघातही तरुणदीप राय होते! चौदा वर्षांनी तोच माणूस दोन तरुणांना बरोबर घेऊन पुन्हा त्याच पायरीवर उभा राहिला. रामानं एकदाच वनवास भोगला, पण अभ्यास करणाऱ्याला असे वनवास पुन्हा पुन्हा येतात.

सांघिक सामन्यात एका सेटमध्ये तिघांनी मिळून सहा बाण दोन मिनिटांत सोडायचे असतात. एकानं वेळ जास्त घेतला तर दुसऱ्याचा वेळ जातो. एकाचा बाण चुकला तर मागच्यानं तोंड वाकडं करायला वेळच नसतो, त्यानं लगेच पुढं येऊन आपला बाण लावायचा असतो. तिघांच्या मातृभाषा वेगळ्या. आपण सीमेवरची माणसं. घरात मराठी, बाजारात कन्नड, नातेवाइकांत दखनी आणि तेलुगूही. आपल्याला हे कळायला जड जाऊ नये की नेम एक असला की बोली आड येत नाही.

*६) टोकियो : एकाच दिवशी ६-० आणि ०-६*

ऑलिम्पिक एक वर्ष पुढं ढकललं जाऊन २०२१ च्या जुलैमध्ये झालं. क्रमवारीच्या फेरीत प्रवीण जाधव यांनी ७२० पैकी ६५६ गुण मिळवले आणि ३१ वा क्रमांक लागला. तिघा भारतीयांत ते पहिले होते. त्यामुळं मिश्र दुहेरीत दीपिका कुमारीबरोबर उभं राहण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. महिन्याभरापूर्वीच दीपिका आणि अतनू या जोडीनं पॅरिसच्या विश्वचषकात सुवर्ण मिळवलं होतं. त्यामुळं सगळ्या देशाच्या नजरा या नव्या जोडीवर होत्या. पहिला सामना चायनीज तैपेईविरुद्ध ५-३ असा जिंकला, पुढचा कोरियाविरुद्ध २-६ असा गेला. सांघिक स्पर्धेत कझाकस्तानला ६-२ हरवलं, मग पुन्हा कोरिया, ०-६.

२८ जुलैला वैयक्तिक सामने. समोर रशियाचा गलसान बाझारझापोव, तेव्हा जगात दुसरा. प्रवीण जाधव यांनी त्याला ६-० असं हरवलं. एकही सेट दिला नाही. आणि त्याच दिवशी पुढच्या फेरीत समोर आला अमेरिकेचा ब्रॅडी एलिसन, तेव्हा जगात पहिला. त्या सामन्यात निकाल लागला ०-६. त्यातले पहिले दोन सेट अवघ्या एकेका गुणानं गेले.

माणूस तोच. धनुष्य तेच. मैदान तेच. दिवसही तोच. सकाळी उठताना जे हात होते, तेच दोन्ही सामन्यांत होते. मग ६-० ला "देवाची कृपा" आणि ०-६ ला "देव रुसला" असं म्हणायचं का? कृपा ही गुणफलकावर मोजायची वस्तू नाही. कृपा मोजायचीच असेल तर त्या पहिल्या भाकरीपासून मोजावी लागेल, त्या पाच बाणांपासून मोजावी लागेल. आपल्यातले काही जण नवस बोलतात, परीक्षेला बसतात आणि निकाल लागला नाही की पारायण बंद करतात. हा व्यवहार झाला, साधना नाही.

गीतेतलं वैराग्य ते हेच. वैराग्य म्हणजे सामना सोडून जाणं नव्हे. नेम पूर्ण लावायचा, बाण पूर्ण ताकदीनं ओढायचा आणि सुटल्यावर त्याला खरोखर सोडायचं. जिंकलेल्या बाणालाही सोडायचं. पहिल्या सामन्याचं ६-० डोक्यात घेऊन दुसऱ्या सामन्यात उभं राहता येत नाही.

*७) शांघाय आणि पॅरिस*

पुढची गोष्ट २८ एप्रिल २०२४ ची. शांघायमधल्या विश्वचषक स्पर्धेचा अंतिम सामना. भारताकडून धीरज बोम्मदेवरा, तरुणदीप राय आणि प्रवीण जाधव. समोर कोरिया. ज्या टोकियोत कोरियानं भारताला ०-६ असं घरी पाठवलं, त्याच टोकियोतल्या सुवर्णविजेत्या संघातले दोघे या कोरियन संघातही होते. पहिला सेट बरोबरीत सुटला. पुढचे दोन्ही भारतानं घेतले. ५-१. सुवर्णपदक! चाळिशीतले तरुणदीप राय तेव्हाही संघात होते, हे लक्षात ठेवा.

वाचणाऱ्याला वाटेल की आता पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पदक येणार. गोष्टी लिहिणारा असता तर त्यानं तसंच लिहिलं असतं. पण तीन महिन्यांनी पॅरिसमध्ये क्रमवारीत तिसरा आलेला आपला संघ उपांत्यपूर्व सामन्यात तुर्कस्तानकडून २-६ असा हरला. वैयक्तिक सामन्यात प्रवीण जाधव चीनच्या काओ वेनचाओकडून ०-६ असे हरले. कागदावर हे ०-६ भयंकर दिसतं. पण तिन्ही सेट एकेका गुणानं गेले. एका सेटमध्ये तर त्यांनी तीन बाणांत ३० पैकी २९ मिळवले आणि समोरच्यानं ३० मिळवले. आता सांगा, यात चूक कुणाची शोधायची?

म्हणून आम्ही हा अभ्यास निवडला. प्रवीण जाधव यांच्याकडं ऑलिम्पिकचं पदक नाही. पदक असतं तर आपण पदकाचाच अभ्यास केला असता. पदक नाही म्हणून माणसाचा अभ्यास करता येतो.

*८) ६५६ आणि ६५८*

आता एक छोटं गणित. बालसाधकांनी वही-पेन घ्यावं.

टोकियोत त्यांचे गुण ६५६, क्रमांक ३१.
पॅरिसमध्ये गुण ६५८, क्रमांक ३९.

तीन वर्षांनी गुण दोन वाढले आणि क्रमांक आठनं खाली गेला. मग माणूस पुढं गेला की मागं?

क्रमांक सांगतो की इतरांचं काय झालं. गुण सांगतात की आपलं काय झालं. दोन्ही खरे आहेत, पण दोन्हींचं काम वेगळं आहे. आपल्या घरात निकाल आला की आपण पहिला प्रश्न कुठला विचारतो? "वर्गात कितवा?" की "मागच्या वेळी जे येत नव्हतं ते आता येतं का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर लेकराच्या हातात नाही, ते चाळीस घरांच्या हातात आहे. दुसऱ्याचं उत्तर त्याच्या हातात आहे.

अर्थात, क्रमांकाला किंमतच नाही असं खोटं आम्ही सांगणार नाही. मेडिकलची जागा क्रमांकावर मिळते, ऑलिम्पिकची जागाही स्पर्धेवरच मिळते. जगाचा कारभार तसाच आहे. पण क्रमांक बाहेरच्या दारावर लावावा, देवघरात नव्हे. घरात लेकराची किंमत क्रमांकावर ठरली, तर निकालाच्या रात्री ते कुणाच्या कुशीत जाणार? अशा रात्री काय काय घडतं ते आपण वर्तमानपत्रात दरवर्षी वाचतो. म्हणून हा पाठ नुसता वाचून सोडू नका.

*९) त्याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट*

सातारा जिल्ह्याचीच आदिती स्वामी ही एका शिक्षकाची मुलगी. तिचं धनुष्य वेगळं. त्याला कंपाउंड म्हणतात. त्याला चाकं असतात आणि लक्ष्य ५० मीटरवर असतं. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये तिनं मेक्सिकोच्या आंद्रेआ बेसेराला १४९-१४७ असं हरवलं आणि १७ व्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळेही १५० पैकी १५० गुण मिळवून जगज्जेता झाला. दोघेही साताऱ्याच्या एकाच अकादमीत शिकत होते.

एकाच जिल्ह्यातून एक झोपडीतून आला, एक शिक्षकाच्या घरातून. एकाला जगज्जेतेपद सतराव्या वर्षी, एकाला रौप्य आणि मग वाट बघणं. कुणाचं फळ कधी पिकेल हे झाडाला विचारून होत नाही. पण एक गोष्ट दोघांत सारखी आहे. जवळ शिकवणारा होता आणि घरानं पाय ओढले नाहीत.

*१०) आपण काय करू शकतो*

आपल्या बीदर-कलबुर्गीच्या भागात तिरंदाजीची साधनं फार नाहीत हे खरं. चांगल्या धनुष्याचा संच लाखाच्या घरात जातो हेही खरं. पण सरडे गावातही काही नव्हतं. म्हणून :

▪️ ज्यांच्या लेकरांना खेळाची ओढ आहे त्यांनी जिल्हा क्रीडांगणातल्या युवा सबलीकरण व क्रीडा खात्याच्या कार्यालयात जाऊन क्रीडा वसतिगृहांच्या निवड-चाचण्यांची चौकशी करावी. अर्ज कन्नडमध्ये असेल तर गटातल्या कन्नड येणाऱ्या ताई-दादांनी मदत करावी. एवढ्यासाठी कुणाचं अडू नये.

▪️ आपल्यात शिक्षक असलेले बरेच साधक आहेत. त्यांना हात जोडून विनंती, वर्गातलं एक तरी लेकरू, जे गळतीच्या काठावर आहे, त्याच्याकडं यंदा वेगळ्या नजरेनं बघा. विकास भुजबळ सरांनी काही मोठा निधी उभा केला नव्हता. एक मुलगा पाहिला होता.

▪️ ऊसतोडीला किंवा गावोगावी कामाला जाणाऱ्या घरांची लेकरं मागं राहात असतील, तर एखादं साधक-कुटुंब त्या लेकराचं दोन वेळचं जेवण आणि अभ्यासाची जागा सांभाळू शकतं का, याचा विचार आपापल्या गावच्या बैठकीत व्हावा. पैशापेक्षा घराची ओसरी मोठी मदत करते.

▪️ आणि प्रत्येकानं रोज एक गोष्ट : ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेलं काम. नामस्मरण असो, पाढे असोत की धावणं. एका दिवसात तीनशे बाण नकोत. रोजचा एक बाण पुरे, पण तो रोज हवा.

*घरी चर्चेसाठी प्रश्न*

१. पाच बाण कुणामुळं मिळाले? आपल्या आयुष्यात आपल्याला असे "पाच बाण" कुणी दिले? (आजी-आजोबांनी आधी सांगावं.)
२. ६५६ ला ३१ वा आणि ६५८ ला ३९ वा. यातली प्रगती कशात बघायची? प्रत्येकानं स्वतःचं एक उदाहरण द्यावं.
३. एकाच दिवशी ६-० आणि ०-६. आपल्या घरात असा दिवस आला होता का? त्या दिवशी आपण एकमेकांशी कसं बोललो?
४. आपला "वारा" कोणता? जो आपल्या हातात नाही, पण ओळखता येतो.
५. बालसाधकांसाठी : अंगणात सत्तर पावलांवर एक बशी ठेवून बघा. किती लहान दिसते ते वहीत चित्र काढून दाखवा. (बशी आईला विचारून घ्यावी! 😊)

उत्तरं गटात लांबलचक टाकायची गरज नाही. घरात बोललं गेलं तर पाठ झाला असं समजावं. ज्यांच्या घरी यंदा पेढे आले नाहीत त्यांना गटातल्या एखाद्या थोरानं आपणहून फोन करावा, आणि निकाल न विचारता "जेवलात का?" एवढंच विचारावं.

पुढच्या पंधरवड्यात भेटू. सर्वांचं कल्याण असो.

🙏 सद्गुरूचरणी नमस्कार 🙏